गट नंबर एकशे अठराच्या बांधावरचे फाटक

लिहून ठेवणार : प्रेमानंद कोंडीबा खिल्लारे, वय वर्षे बहात्तर, पूर्वी एसटीत कंडक्टर, आता शेती आणि भाषणे, राहणार मौजे कवठाळी, पुसेगावजवळ, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.

माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे आणि कोणाला काय मिळू नये, हे मी आज स्वखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती या तालुक्यात आहे, ती म्हणजे माझी पत्नी पद्माबाई, आणि ती या क्षणी कापूस वेचायला गेलेली आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. सेनगावच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगून पुढे वीस मिनिटे बोललो, तेव्हा ते म्हणाले, "खिल्लारे काका, पुरे. एवढा शुद्धीतला पेशंट मला परवडत नाही." माझ्या हृदयाबद्दल मात्र त्यांचे मत इतके बरे नाही. म्हणून ही घाई.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एक करारनामा मात्र केलेला आहे. हे सगळे लिहिण्याची वेळ त्यानेच आणली.

कलम १. गावातले दोन खोल्यांचे घर, ओसरी आणि मागचे शेवग्याचे झाड पद्माबाईचे. तिच्यानंतर दोन्ही मुलांना सारखा वाटा. घरात अठरा शाली आहेत. त्या मला निरनिराळ्या सभांत, सत्कारांत पांघरल्या गेल्या. त्यांपैकी सतरा पद्माबाईने वाटेल त्याला द्याव्यात. अठरावी, जांभळ्या काठांची, कोणाला देऊ नये. तिचा इतिहास कलम चारमध्ये येतो.

कलम २. बँकेत जे असेल ते पद्माबाईच्या हयातीत तिचे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. कंडक्टरने आयुष्यभर दुसऱ्यांचे सुटे पैसे मोजले की त्याला स्वतःचे मोजायचा कंटाळा येतो.

कलम ३. तिकिटांना भोक पाडायचा पंच आणि पितळी बिल्ला माझी मुलगी ऐश्वर्या हिला. ती हिंगोलीत नर्स आहे आणि तिला माणूस कुठे चढला आणि कुठे उतरणार हे माझ्यापेक्षा लवकर कळते.

पुस्तके सहाशे अकरा आहेत. ती बहुतेक हिंगोली-सेनगाव गाडीत, दोन थांब्यांच्या मधे वाचलेली. त्यांचे वाटप कागदावर होणार नाही. ते आमच्या गावच्या शिकारीच्या वाट्याप्रमाणे करावे. ही पद्धत नव्या पिढीला माहीत नाही, म्हणून सांगतो.

जंगली जनावरांचा कायदा होण्याआधी, मी पोरगा असताना, सुगीनंतर गाव डुकरामागे निघायचे. माझ्या वडिलांनी धम्म घेतला त्या वर्षी हलगी सोडली होती, पण गळा सोडला नव्हता. ते हाका द्यायचे, म्हणजे ओरडत झुडपे झोडपून जनावर बंदुकीकडे उठवायचे. मी त्यांच्या मागे ओरडायचो. लोक म्हणतात मी वक्तृत्व पुस्तकांतून शिकलो. मी ते बाभळीच्या बनात, रानडुकरासमोर शिकलो, आणि श्रोता म्हणून डुक्कर माणसापेक्षा प्रामाणिक आहे. पटले नाही की सरळ अंगावर येते.

जनावर पडले की पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावायचे. बार टाकणाऱ्याचा एक, प्रत्येक हाकेवाल्याचा एक, कुत्र्यांचा एक, ज्याच्या रानात जनावर पडले त्याचा एक. मग एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घ्यायचा. ढीग दिसत नसल्यामुळे चांगला तुकडा कोणाच्याच सोयऱ्याकडे जायचा नाही. जुन्या देशमुखी शिकारीत माझ्या आजाला लांबूनच आतडी फेकत असत. आमच्या गावच्या ओळीत खिल्लाऱ्यांचा ढीग इतरांच्या ढिगाला चिकटून पहिल्यांदा लावला तो माझा शेजारी ज्ञानबा याच्या बापाने. मी समतेवर तीनशे तरी भाषणे केली असतील. त्या एका ढिगाइतके ठाम त्यांतले एकही नव्हते.

तर गावातल्या वाचणाऱ्या पोरांसाठी पुस्तकांचे ढीग लावावेत, आणि पाठमोरा म्हणून ज्ञानबा नरोटे याला उभे करावे. तो गेली दोन वर्षे माझ्याकडे पाठ करूनच आहे, त्याला सराव आहे.

कलम ४. गट नंबर एकशे अठरा, चार एकर, माझ्या स्वकष्टाची जमीन. तिच्या उत्तर बांधाला लागून, माझ्याच हद्दीत, नऊ फूट रुंद वाट आहे. ती पुसेगावच्या रस्त्यापासून निघते आणि गावच्या माळावर जाते. माळापलीकडे ओढा, ओढ्यात डुकरांची वस्ती, आणि ओढ्याच्या काठाला ज्ञानबाची दोन एकर ज्वारी. ज्ञानबा हटकर, मेंढरे आणि शेळ्या राखणारा, माझ्याच वयाचा. त्याच्याकडे बापाच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, शेतसंरक्षणाचा परवाना आहे, आणि डुक्कर मारायची रीतसर परवानगी तो दरवर्षी काढतो. आता जनावर पंचनामा करून पुरतात. पळसाची पाने झाडावरच राहतात. ठीक आहे, कायदा आहे. पण वाट तीच होती. तिच्यावर कोणी कोणाला विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वी श्रीयुत योगेशराव हिंगोलीहून आले. त्यांचे आडनाव त्यांच्या फलकावर दोन फुटांच्या अक्षरांत आहे, इथे पुन्हा फुकट जाहिरात नको. त्यांचा धंदा असा : मोठ्या शहरांतले बंदुकीचे परवाने असलेले पाहुणे आणायचे, शेतकऱ्याच्या नावाने परवानगी काढायची, आणि पाहुण्यांनी डुकरांवर गोळ्या झाडायच्या. याला ते 'शेतसंरक्षण व साहस शिबिर' म्हणतात. शेताचे संरक्षण फुकट, साहसाचे पैसे.

माझ्यासारख्या माणसाला गुंतवायला पैसे लागत नाहीत. माईक लागतो. योगेशरावांनी माझ्या बांधाजवळ मंडप घातला, दोन भोंगे लावले आणि मला उद्घाटक केले. जांभळ्या काठांची शाल ती हीच. करारनामा त्यांनी आदल्या दिवशी घरी आणून दिला होता. मी तो रात्रभर वाचला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या. 'वारसांवर बंधनकारक' हे शब्द बाणेदारपणे खोडले, कारण मेलेल्यांनी जिवंतांना बांधू नये, हा माझ्या भाषणांचा आवडता विषय. 'मार्गाचे नियमन शिबिराकडे राहील' या वाक्यात मला एकही चूक सापडली नाही. ते अगदी शुद्ध होते.

'रान सर्वांचे' या विषयावर मी पन्नास मिनिटे बोललो. टाळ्या चालू असतानाच सही केली, आणि मग लाल फीत कापली. फितीच्या मागे काय आहे ते मी पाहिले नाही. मी गर्दीकडे पाहत होतो. फितीच्या मागे लोखंडी फाटक होते.

ज्या माणसाने चाळीस वर्षे पाणवठ्यांसाठी आणि वाटांसाठी घसा कोरडा केला, त्याने स्वतःच्या हाताने गावाच्या वाटेला कुलूप घातले. तेही कात्रीने, टाळ्यांच्या गजरात.

पहिल्या पौषातली गोष्ट. दुपार उतरताना ज्ञानबाच्या बायकोला, पंचफुलाबाईला, ज्वारीत डुकरे दिसली. गावातून ज्ञानबा बंदूक, परवानगीचा कागद आणि कुत्रा घेऊन धावत आला, तो फाटकाशी अडला. शिबिराचा राखणदार म्हणाला, "आबा, शनिवारी गेस्ट हायेत. आज डुकरं बिथरवायची न्हाईत." ज्ञानबाने विचारले, "ज्वारी माजी खाऊन राहिले, अन् शनिवारपर्यंत थांबू काहून?" राखणदाराकडे किल्लीच नव्हती. ओढ्याला वळसा घालून तीन किलोमीटर गेल्यावर ज्ञानबाला ज्वारी सापडली नाही. कडबासुद्धा सापडला नाही. पुढे कळले की पाहुण्यांनी रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून शिबिरवाले ओढ्यात मका टाकतात. म्हणजे डुकरांना आठवडाभर जेवण, शनिवारी कार्यक्रम. इतकी नीट बडदास्त आमच्या गावात फक्त आमदाराची ठेवली जाते.

मी दुसऱ्या दिवशी ज्ञानबाकडे गेलो. तो शेळ्या सोडत होता. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि कुत्र्याशी बोलला. "चित्या, त्या कंडक्टरला सांग, भाषण लई झक्कास झालं हुतं. मी बी टाळ्या वाजवल्या." तेव्हापासून तो माझ्याशी कुत्र्यामार्फत बोलतो. पद्माबाईशी मात्र सरळ बोलतो, पंचफुलाबाई तर आमच्या ओसरीवर बसून चहा पिते आणि माझ्या देखत म्हणते, "वहिनी, तुमचं मानूस वाईट न्हाई. निस्ता आवाज मोठा हाय."

करार मोडता येतो का, हे मी सेनगावच्या वकिलांना विचारले. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "काका, तुम्ही हयात आहात तोवर काही करता येत नाही. तुमच्या हयातीपर्यंत असंच लिहिलंय. आणि वारसांचं वाक्य तुम्हीच खोडलंय."

"म्हणजे मी गेलो की करार गेला?"

"त्याच मिनिटाला."

आयुष्यात प्रथमच माझी एक खाडाखोड कामाला आली.

कलम ५. एसटीचा खाकी कोट श्रीयुत योगेशराव यांना. निवृत्तीनंतर पद्माबाईने तो बुजगावण्याला घातला होता. मागच्या हिवाळ्यात शिबिराच्या एका पाहुण्याने दीडशे पावलांवरून त्याला गोळी घातली. डाव्या खिशाच्या वर, जिथे बिल्ला लावत असू तिथून बोटभर अंतरावर भोक आहे. पद्माबाई त्या वेळी बुजगावण्यापासून वीस पावलांवर हरभऱ्याची भाजी खुडत होती.

पाहुणे आले आणि म्हणाले, "सॉरी अंकल, बहुत रियल लग रहा था." मग त्यांनी कोटासोबत फोटो काढला. योगेशराव म्हणाले, "काका, टेन्शन नका घेऊ, नवा कोट देऊ. ब्रँडेड." पद्माबाईने खुडलेली भाजी ओटीतून खाली टाकली आणि एवढेच म्हणाली, "माजं मानूस समजून मारलं, का डुक्कर समजून मारलं, तेवढं विचारा त्यांना." कोणी विचारले नाही. त्या दिवशी मीही काही बोललो नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना यावर विश्वास बसणार नाही, पण पद्माबाई साक्षीला आहे.

कोट धुऊ नये, रफू करू नये. योगेशरावांनी तो आपल्या स्वागतकक्षात टांगावा. पाहुण्यांना रियल वाटेल.

कलम ६. माझा मुलगा सुमेध, राहणार पुणे, हा हुशार आहे आणि माझ्यावर त्याचे प्रेम आहे. गेल्या महिन्यात त्याने फोनवर मला समजावले. "बाबा, योगेश पुन्हा करार करायला तयार आहे. ज्ञानबाकाकांना तो राखणदार म्हणून ठेवायलाही तयार आहे. इमोशनल होऊ नका."

मी म्हणालो, "ज्या फाटकाने त्याची ज्वारी खाल्ली, त्या फाटकावर त्यालाच उभं करायचं?"

"ज्वारी डुकरांनी खाल्ली, बाबा."

"डुकरांना शनिवार कळत नाही रे. माणसांना कळतो."

यावर फोन बंद झाला, म्हणजे त्याला पटले असावे, किंवा रेंज गेली असावी. सुमेधला माझा रेडिओ, सायकल आणि माझ्या भाषणांच्या नव्वद कॅसेटी. त्या ऐकण्याचे यंत्र आता मिळत नाही, तेव्हा त्याला त्रास होणार नाही. जमीन त्याला देत नाही. हा राग नव्हे. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून ज्याला नाही म्हणता येते त्यानेच जमीन घ्यावी. सुमेध पुण्यात राहतो आणि सगळ्यांना हो म्हणतो.

कलम ७. गट एकशे अठरा, नऊ फुटांची वाट वगळून, ऐश्वर्याला. पद्माबाईच्या हयातीत उत्पन्न पद्माबाईचे.

वाट कोणाला द्यावी यावर मला तीन महिने लागले. आधी वाटले, ज्ञानबाच्या नावे करावी. मी त्याच्या शेळ्यांमागे माळापर्यंत गेलो, वळसा घालून, आणि त्याला तसे सांगितले. तो काठीवर हनुवटी टेकून ओढ्याकडे पाहत राहिला. कुत्रा माझ्याकडे पाहत होता, निदान तो तरी.

"चित्या, सांग त्याला. माज्या नावावर केली तर उद्या मी बी कुलूप लावीन. न्हाई लावलं तर माजा नातू लावील. नावावर झालं की मानसाला कुलूप सुचतंच. तकलीफ कुलपाची न्हाई, नावाची हाय."

मी म्हणालो, "मग कोणाच्या नावावर करू?"

"चित्या, एवढी बुकं वाचली म्हनाव, तुलाच ठावं आसंल."

मला ठाऊक नव्हते. सहाशे अकरा पुस्तकांत ते नव्हते. ते पळसाच्या पानांवर होते. ढिगाकडे पाहणाऱ्याने नाव घेऊ नये, आणि नाव घेणाऱ्याने ढिगाकडे पाहू नये.

म्हणून ही वाट मी कोणाच्याही नावे करत नाही. ती गावची पाणंद म्हणून ग्रामपंचायतीकडे नोंदवावी. पायी जाणारा, गुराढोरांसह जाणारा, बैलगाडीवाला, परवानगी हातात घेऊन डुकरामागे धावणारा, कोणालाही तिथे अडवू नये. योगेशरावांनाही नाही. त्यांच्या पाहुण्यांनी हवे तेवढे यावे. ज्ञानबाच्या मागून चालावे, बंदूक रिकामी ठेवून. पद्माबाई भाजी खुडत असेल तर आधी हाक द्यावी.

आमच्या ग्रामपंचायतीवर माझा विश्वास किती, हे तिच्या सर्व माजी सरपंचांना माहीत आहे. म्हणून अट अशी की, वाटेवर फाटक, साखळी, दोरी, पावती फाडणारा माणूस किंवा स्वागताची कमान यांपैकी काहीही उभे राहिले, तर त्याच दिवशी वाट ऐश्वर्याकडे परत येईल, आणि तिने ते पाडून वाट पुन्हा गावाला द्यावी. कितीही वेळा. ऐश्वर्याला विचारले. ती म्हणाली, "बाबा, रात्रपाळीत मी याहून अवघड लोक सांभाळते."

कलम ८. शोकसभा घ्यायचीच असेल तर कोणीही तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. हा नियम मी जिवंतपणी एकदाही पाळलेला नाही, म्हणून त्याचे महत्त्व मला जास्त कळते. योगेशरावांनी श्रद्धांजलीचा फलक लावू नये. लावलाच तर मी त्यातल्या चुका काढायला नसेन, याची त्यांनी जबाबदारी घ्यावी.

कलम ९. माझ्या अंत्यविधीबद्दल. त्रिशरण पंचशील व्हावे, बाकी काही नको. दहन एकशे अठराच्या पूर्व टोकाला, बोरीच्या झाडाखाली, जिथे वाट माळाला लागते तिथे करावे. पद्माबाईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आपल्याच रानात व्हय? मग मी तिथं बोरं येचायला कशी जाऊ?" मी म्हणालो, "जा की. मी काही बोलणार नाही." ती म्हणाली, "त्येचीच तर सवं न्हाई मला." हे तिचे शेवटचे शब्द नव्हेत, पण मी इथेच थांबवतो.

मला गावातून पुसेगावच्या रस्त्याने आणि तिथून उत्तर बांधाच्या वाटेने न्यावे. वळसा घालू नये. करार माझ्या शेवटच्या श्वासाला संपलेला असेल, म्हणजे त्या वाटेवरून अडवणूक न होता जाणारा पहिला माणूस मीच असेन. सुमेधने योगेशरावांना निरोप द्यावा आणि किल्ली मागवावी. किल्ली आली नाही तर कुलूप तोडू नये, घोषणा देऊ नयेत. तिरडी फाटकासमोर खाली ठेवावी आणि सगळ्यांनी बसून राहावे. आयुष्यभर मी लोकांना बसवून ऐकवले. त्या दिवशी मी काही न बोलता थांबेन, आणि माझा अंदाज आहे की माझे हे भाषण सर्वांत लवकर पटेल. शक्यतो शनिवार असावा.

फाटक निघाल्यावर त्याचे कुलूप ऐश्वर्याने घरी आणावे आणि जांभळ्या काठांच्या शालीत गुंडाळून दर्शनी ठेवावे. घरात कोणी भाषणाचे आमंत्रण घेऊन आले की ते आधी उघडून दाखवावे.

एक विनंती राहिली. ती कलमात बसत नाही आणि कायद्याने कोणावर बंधनकारकही नाही. ज्ञानबाने यावे. बंदूक आणू नये, कुत्रा आणावा. त्याने तिरडीला खांदा देऊ नये, त्याचा उजवा खांदा दुखतो. त्याने सर्वांच्या पुढे चालावे आणि फाटक ओलांडताना आमच्या बापांनी द्यायचा तसा एक हाका द्यावा, म्हणजे ओढ्यापर्यंत कळेल की वाट मोकळी झाली.

पुढे चालला की त्याची पाठ माझ्याकडेच असेल. त्या दिवशी ते बराबर आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, खालील दोघांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यांच्या समक्ष सही केली. त्या दोघांना यातले काहीही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावले आहे.

सही : प्रेमानंद कोंडीबा खिल्लारे

साक्षीदार १ : शिवकन्या बजरंग कुटे, अंगणवाडी सेविका, राहणार कवठाळी. (वाचन चालू असताना दोनदा हसल्या, एकदा डोळे पुसले. दोन्ही त्यांच्या संमतीने नोंदवले आहे.)

साक्षीदार २ : शिवशंकर मारोती घोंगडे, किराणा दुकानदार, राहणार कवठाळी. (पन्नास मिनिटे दुकान बंद ठेवल्याबद्दल आभार.)

स्थळ : मौजे कवठाळी, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली.
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार.